वाचक विचारतात : घरातले प्लग संगणकाच्या ताब्यात, तेही थोडक्या खर्चात

उन्हाळा तोंडावर आला की कूलर, पाण्याची मोटर आणि अवेळी जाणारी वीज यांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतली बरीच पत्रे एकाच दिशेची आहेत : घरात संगणक आहे, त्याच्याकडून ही उपकरणे चालू-बंद करून घेता येतील का? उत्तर होकारार्थी आहे. मात्र पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे मुळीच वाचवायचा नाही हे आधी ठरवावे लागते, म्हणून पहिल्या पत्राचे उत्तर जरा विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना डेस्कटॉप संगणक घरी पडून आहे. अंगणातला दिवा, कूलरचा पंखा, कूलरमधली पाण्याची छोटी मोटर आणि हौदातून छतावरच्या टाकीत पाणी चढवणारा अर्ध्या एचपीचा टुल्लू पंप ही चार उपकरणे त्यावरून ठरलेल्या वेळी चालू-बंद करायची आहेत. गावात इंटरनेटचा भरवसा नाही. दीड-दोन हजार रुपयांत हे जमेल काय? वायरमन गावातलाच आहे, पण त्याला संगणकाचे काम माहीत नाही.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : या कामाला इंटरनेट लागत नाही, आणि वायरमनला संगणक येत नसला तरी काही बिघडत नाही, कारण या जोडणीचे दोन स्वतंत्र भाग पडतात. संगणकाच्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्टचा दाब मिळतो आणि आपल्या बोर्डात २३० व्होल्टचा दाब असतो. या दोहोंच्या मध्ये रिले बसतो. रिलेमधल्या तारेच्या गुंडाळीत ५ व्होल्टचा प्रवाह गेला की तिचे चुंबक होते आणि ते २३० व्होल्टच्या बाजूची पट्टी ओढून संपर्क जोडते. दोन्ही बाजूंमध्ये विजेचा कोणताही थेट संबंध राहत नाही. त्यामुळे रिलेच्या अलीकडचे काम आपण करावे आणि पलीकडचे वायरमनने करावे.

अलीकडच्या बाजूला ‘आर्डुइनो नॅनो’ जातीचा, प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड आणि चार रिलेंचा तयार बोर्ड एवढेच लागते. मूळ कंपनीचा नॅनो घेण्याची गरज नाही. बाजारात मिळणारी स्वस्त प्रतिकृती या कामास पुरते, आणि दोन्ही बोर्ड मिळून साधारण पाचशे-सहाशे रुपयांत येतात. रिले-बोर्ड घेताना त्यावर ऑप्टोकपलर, म्हणजे तारेऐवजी प्रकाशाने संदेश पुढे देणारे भाग, आहेत याची खात्री करावी. प्रत्येक रिलेची गुंडाळी सुमारे ७० मिलिअँपियर प्रवाह घेते, म्हणजे चारही रिले एकदम लागले तर २८० मिलिअँपियर झाले. यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपियरपर्यंत देऊ शकतो, तरीही रिलेंना वेगळ्या जुन्या मोबाइल चार्जरमधून ५ व्होल्ट द्यावेत, म्हणजे रिले ओढला जाताना नॅनोचा दाब पडून तो मध्येच बंद-चालू होणार नाही.

आता पलीकडची बाजू. या रिलेंवर ‘१० अँपियर, २५० व्होल्ट’ असे छापलेले असते. हा आकडा इस्त्री किंवा साध्या दिव्यासारख्या उपकरणांसाठी आहे, मोटरसाठी नाही. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी ती नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. आपला टुल्लू पंप चालताना तीनेक अँपियर घेत असेल, तर सुरू होताना तो पंधरा अँपियरच्या पुढे जाईल आणि थोड्याच दिवसांत रिलेचे संपर्क वितळून एकमेकांना चिकटतील. मग संगणक ‘बंद’ म्हणत राहील आणि पंप चालूच राहील. म्हणून अंगणातला दिवा आणि कूलरची वीस-चाळीस वॉटची मोटर थेट रिलेवर घ्यावी, कूलरचा दीड-दोनशे वॉटचा पंखाही चालेल, पण टुल्लू पंपासाठी २३० व्होल्टच्या कॉइलचा (गुंडाळीचा) वेगळा काँटॅक्टर, म्हणजे मोटरचा प्रवाह झेलणारा मोठा रिले, बसवावा आणि आपल्या रिलेने फक्त त्या काँटॅक्टरची कॉइल चालवावी. काँटॅक्टरमुळे खर्च वाढतो. तो आज परवडत नसेल तर पंप पुढच्या वर्षावर टाकावा, पण लहान रिलेवर पंप जोडू नये.

बहुतेक कूलरांत पंखा आणि पाण्याची मोटर एकाच प्लगवर असतात. दोन्ही वेगवेगळे चालवायचे असतील तर मोटरची वायर वायरमनकडून स्वतंत्र काढून घ्यावी लागेल. हा खटाटोप माझ्या मते करण्यासारखा आहे, कारण पाणीटंचाईच्या गावात संगणकाचा खरा उपयोग इथेच होतो. वाळ्याच्या ताट्या मोटर बंद झाल्यावर किती वेळ ओल्या राहतात ते एका दुपारी पाहून घ्यावे आणि त्यानुसार मोटर पाच मिनिटे चालू व दहा मिनिटे बंद अशी पाळी लावावी. पंखा सलग फिरतो, आणि टाकीतले पाणी संपून मोटर कोरडी चालण्याची वेळही उशिरा येते.

वायरमनला चार गोष्टी आवर्जून सांगाव्यात. रिलेमधून फेज तोडायचा, न्यूट्रल कधीही नाही. अन्यथा उपकरण बंद दिसेल आणि त्याच्या आत वीज तशीच राहील. रिले-बोर्डाच्या खालच्या बाजूला तांब्याच्या उघड्या पट्ट्या असतात आणि त्यांत २३० व्होल्ट खेळतात, म्हणून बोर्ड प्लास्टिकच्या बंद डब्यात पायांवर उचलून बसवायचा आणि ५ व्होल्टच्या तारा २३० व्होल्टच्या वायरांपासून दूर ठेवायच्या. ६ अँपियरच्या प्लगसाठी दीड चौरस मिलिमीटरची आणि १६ अँपियरच्या प्लगसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरायची. या साऱ्याच्या आधी ६ अँपियरची एमसीबी (जास्त भार झाला की वीज तोडणारी कळ) आणि तिच्या आधी ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (प्रवाह गळू लागला की वीज तोडणारी कळ) हवीच. आपला दीड-दोन हजारांचा हिशेब या आरसीसीबीमुळे मोडतो, याची मला जाणीव आहे. तरीही सांगतो : पैसा पुरत नसेल तर संगणकाची जोडणी थांबवावी आणि आरसीसीबी आधी बसवावी. काटकसर करायची ती ५ व्होल्टच्या बाजूला करावी. तिथे चूक झाली तर दिवा लागत नाही, २३० व्होल्टच्या बाजूला झाली तर माणूस जातो.

हाताने चालवायचे बटण काढून टाकू नये. कूलरसाठी ते रिलेच्या आधी, त्याच ओळीत ठेवावे, म्हणजे कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद केले की संगणकाने काहीही सांगितले तरी वीज पोहोचणार नाही. अर्थात पाणी भरताना प्लगही काढावाच. अंगणातल्या दिव्याचे वेगळे आहे. रिलेला मधला, नेहमी उघडा आणि नेहमी जोडलेला असे तीन स्क्रू असतात. जिन्यातल्या दिव्याला वर-खाली दोन बटणे असतात तशी टू-वे जोडणी इथे एक बटण आणि एक रिले यांत करता येते, आणि मग दिवा दोन्हीकडून लागतो व विझतो. गावच्या वायरमनला जिन्याची जोडणी नक्की येते. एका बटणाच्या जागी रिले आहे एवढेच त्याला सांगावे.

प्रोग्रॅमविषयी थोडे सांगतो. नॅनोमध्ये असा छोटा प्रोग्रॅम भरावा की यूएसबीवरून एखादे ठरलेले अक्षर आले की ठरलेला रिले लागेल आणि दुसरे अक्षर आले की सुटेल. संगणकावर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आठ-दहा ओळींत ते अक्षर पाठवता येते, आणि ठरलेल्या वेळी ती फाइल चालवण्याचे काम विंडोजमध्ये टास्क शेड्युलर व लिनक्समध्ये क्रॉन करतो. इथे दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे, संगणकाने पोर्ट उघडला की नॅनो स्वतः पुन्हा सुरू होतो आणि लागलेले सगळे रिले सुटतात. यासाठी पोर्ट सतत उघडा ठेवणारा एकच प्रोग्रॅम चालवावा, किंवा नॅनोमध्ये प्रोग्रॅम भरून झाल्यावर त्याच्या रीसेट आणि ग्राउंड या दोन पिनांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. दुसरी म्हणजे, यांतले बरेच रिले-बोर्ड उलट्या रीतीने चालतात, म्हणजे पिनवर शून्य व्होल्ट आले की रिले लागतो. त्यामुळे प्रोग्रॅममध्ये पिन आधी ‘हाय’ करावी आणि नंतरच तिला ‘आउटपुट’ ठरवावे, नाही तर नॅनो सुरू होताच चारही उपकरणे झटका खाऊन लागतील. पुढे पंप जोडाल तेव्हा तो जास्तीत जास्त किती मिनिटे चालावा ही मर्यादा नॅनोमध्येच लिहावी. संगणक अडकून पडला आणि ‘बंद’चे अक्षर आलेच नाही, तरी नॅनो आपल्या हिशेबाने पंप बंद करील.

प्रश्न : आमच्याकडे दिवसातून अनेकदा लाइन जाते. ती परत आल्यावर संगणक बंदच राहतो, मग ठरवलेल्या वेळा पाळल्या जात नाहीत. संगणक दिवसरात्र चालू ठेवला तर बिलही वाढेल. यावर काय करावे?
— एक वाचक भगिनी, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : संगणक आपोआप सुरू व्हावा यासाठी त्याच्या बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये), वीज परत आल्यावर काय करावे हे ठरवणारी सोय असते, ती ‘ऑन’ करावी. परंतु आपली बिलाची शंका अधिक महत्त्वाची आहे. जुना डेस्कटॉप ८० वॉट घेतो असे धरले तर चोवीस तासांत १.९२ युनिट आणि महिन्याला जवळपास ५८ युनिट होतात. मोटर आणि दिवा वेळेवर बंद करून वाचणाऱ्या विजेपेक्षा हा खर्च जास्त होण्याची शक्यता आहे. म्हणून वेळापत्रक सांभाळण्याचे काम संगणकाकडे ठेवूच नये. नॅनोला डीएस३२३१ हे घड्याळाचे छोटे सर्किट जोडावे. त्यावर बटणासारखा सेल असतो आणि लाइन गेली तरी त्याची वेळ चुकत नाही. संगणक आठवड्यातून एकदा लावावा, नवे वेळापत्रक नॅनोमध्ये भरावे आणि बंद करावा. रोजचे काम एक-दोन वॉटमध्ये होते, कारण नॅनोही मोबाइल चार्जरवर चालतो. हे चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करतात, त्यामुळे संध्याकाळी गावात दाब उतरला तरी नॅनो तग धरतो.

वीज परत येण्याचा क्षण मात्र नीट सांभाळावा. सगळी उपकरणे रिलेच्या ‘नेहमी उघडा’ या स्क्रूवर जोडावीत, म्हणजे वीज येताच ती बंद अवस्थेत असतील. त्यानंतर नॅनोने दोन-तीन मिनिटे थांबून एकेक उपकरण काही सेकंदांच्या अंतराने लावावे. लाइन आल्यावर पहिल्या मिनिटात दाब वर-खाली होतो आणि ती पुन्हा जाण्याचीही शक्यता असते. हा थांबा मोटरचे आयुष्य वाढवतो. टू-वे जोडणी केलेला दिवा याला अपवाद राहील, तो बटणाच्या स्थितीप्रमाणे लागेल. दिव्याच्या बाबतीत ते चालते.

प्रश्न : कूलरला हात लागला की झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो अर्थिंग आहे, मग असे का होते? अशा कूलरला संगणकाची जोडणी केली तर चालेल काय?
— एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : जोडणी तर सोडाच, तो कूलर आजच बंद करावा. पत्र्याचा कूलर, आत पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे सगळे एकत्र येते, म्हणून विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसे दगावतात आणि त्यांत लहान मुलेही असतात.

अर्थिंग ‘आहे’ आणि अर्थिंग ‘काम करते’ यांत फरक आहे. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पुरलेल्या पाइपाभोवतीची माती सुटते, ओल जाते आणि नेमक्या कूलर चालवण्याच्या महिन्यांतच अर्थिंगचा रोध वाढतो. समजा तो ५० ओहम झाला. कूलरच्या पत्र्याला फेज लागला तर अर्थिंगमधून २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपियर प्रवाह जाईल. ६ अँपियरची एमसीबी एवढ्याने पडत नाही आणि फ्यूजही जात नाही. पत्रा तसाच जिवंत राहतो आणि घरच्यांना वाटत राहते की अर्थिंग आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत. मल्टीमीटरने फेज आणि अर्थमधला दाब मोजला तरी तो २३०च्या आसपास दिसतो, कारण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. त्या आकड्यावर विसंबू नये. अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्यावा.

आरसीसीबी ही कमतरता भरून काढते. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही एवढेच ती पाहते आणि ३० मिलिअँपियरचा फरक दिसला की क्षणार्धात वीज तोडते. अर्थिंग अगदी काही शे ओहमचे असले तरी पत्र्याला फेज लागताच ती पडेल, आणि माणसाने हात लावण्याची वेळच येणार नाही. अर्थिंग मुळीच नसेल तर मात्र ती माणसाच्या अंगातून प्रवाह गेल्यावरच पडेल. म्हणून अर्थिंगही हवे. खरेदी करताना आयएस १२६४० ही खूण आणि ३० मिलिअँपियर हा आकडा पाहावा. ३०० मिलिअँपियरचीही मिळते, ती माणसाच्या बचावासाठी नाही. आरसीसीबी जास्त भार झाल्याने पडत नाही, त्यामुळे एमसीबी वेगळी लागतेच. तिच्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण दर महिन्याला दाबून पाहावे. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी टाकावे. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणीही चालेल. आणि अर्थिंग नाही म्हणून अर्थचा स्क्रू न्यूट्रलला जोडून देण्याची रीत कोणी सांगितली तर ती कदापि मान्य करू नये. न्यूट्रल कुठे तुटला तर कूलरचा सगळा पत्रा फेजला लागल्यासारखा होतो.

हे सारे झाल्यावर झिणझिण्या थांबल्या, तर कूलर खुशाल रिलेवर घ्यावा.

प्रश्न : बाजारात वाय-फायचे तयार स्मार्ट प्लग मिळतात. ते घेणे सोपे नाही का? संत्र्याच्या बागेतल्या घरी राहतो, मोबाइलचा हॉटस्पॉट वापरतो.
— एक वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : एक-दोनच उपकरणे असतील तर तयार प्लग अवश्य घ्यावा. तो बंद डब्यात येतो, २३० व्होल्टचे काम कंपनीने केलेले असते आणि काही प्लग किती वीज खर्च झाली तेही सांगतात. घेताना तो १० अँपियरचा आहे की १६ हे पाहावे, आयएसआय चिन्ह पाहावे आणि हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवावा, कारण यांतले बहुतेक प्लग ५ गिगाहर्ट्झ ओळखत नाहीत. आपली खरी अडचण अशी आहे की अनेक प्लग आपली आज्ञा इंटरनेटमार्गे कंपनीच्या सर्व्हरकडून घेतात. नेटवर्क गेले किंवा आपण मोबाइल घेऊन अमरावतीला गेलात, की घरच्या संगणकाला तो प्लग सापडणार नाही.

म्हणून आपण ईएसपी८२६६ या चिपचा ‘नोडएमसीयू’ बोर्ड आणि जुना साधा राउटर असा विचार करावा. राउटरला इंटरनेट नसले तरी घरापुरते वाय-फाय चालते. बोर्डमध्ये ‘टास्मोटा’ हे मोफत फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारा तयार प्रोग्रॅम, भरले की कोणत्याही ब्राउझरमधून, संगणकावर वा मोबाइलवर, बटणे दिसतात आणि प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. रिले डी१ आणि डी२ या पिनांवर जोडावेत. डी३, डी४ आणि डी८ या पिना बोर्ड सुरू होताना वेगळ्या कामात असतात. हा बोर्ड ३.३ व्होल्टचा असल्याने ५ व्होल्टचे काही रिले-बोर्ड त्यावर नीट सुटत नाहीत. ज्यावर ‘जेडी-व्हीसीसी’ची जोडपट्टी काढता येते असा घ्यावा, तिथे चार्जरचे ५ व्होल्ट आणि ‘व्हीसीसी’ला ३.३ व्होल्ट द्यावेत. इंटरनेटशिवाय याला वेळ कळत नाही, त्यामुळे वेळेवर आज्ञा देण्याचे काम संगणकाला करावे लागेल. पुढे कधी इंटरनेट आले तरी राउटरमधून हा बोर्ड बाहेरच्या जगाला उघडा करून देऊ नये.

प्रश्न : हाच रिले शेतातल्या पाच एचपीच्या थ्री-फेज मोटरला लावता येईल का? धानाच्या बांधीला रात्री पाणी द्यायला जाणे जिवावर येते.
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : नाही. रात्री साप-विंचवाच्या वाटेने जाण्याची आपली अडचण मी समजतो, पण हे काम त्या रिलेचे नाही. शेतीच्या बऱ्याच स्टार्टरांची कॉइल दोन फेजमधल्या ४१५ व्होल्टवर चालते आणि हा रिले २५० व्होल्टपुरताच आहे. शिवाय एक फेज गेला तर मोटर जळते. ते ओळखण्याची सोय या बोर्डात नाही. सिमकार्डवर चालणारे मोबाइल स्टार्टर यासाठीच मिळतात. ज्यात एक फेज गेल्याचे, कमी दाबाचे आणि विहीर कोरडी पडल्याचे संरक्षण आहे तेच घ्यावे. वीज आली की मोटर लगेच लावणारा ऑटो-स्विच टाळावा. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपी जळते, म्हणून महावितरणही तो न वापरण्याचे आवाहन करते. मोबाइल स्टार्टरमध्ये सुरू होण्याचा विलंब ठरवता येतो. शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाने वेगळा ठेवावा.

प्रश्न : रिलेऐवजी सॉलिड स्टेट रिले लावला. एलईडी दिवा बंद केल्यावरही मंद जळत राहतो. बिघाड आहे काय?
— एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : बिघाड नाही. सॉलिड स्टेट रिलेमध्ये हलणारी पट्टी नसते, सेमिकंडक्टर प्रवाह तोडतो, त्यामुळे तो बंद असतानाही काही मिलिअँपियर प्रवाह गळू देतो. जुन्या पिवळ्या बल्बला तो जाणवत नसे, एलईडीला मात्र मंद जळण्यास पुरतो. दिव्यासाठी साधा चुंबकी रिलेच लावावा. त्याच्या संपर्कांवर ठिणगी कमी करणारा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर तोही काढावा, कारण २३० व्होल्टवर त्यातून सात मिलिअँपियर जातात आणि दिवा तसाच मिणमिणतो. सॉलिड स्टेट रिले बंद असला तरी होल्डरमध्ये वीज असते, म्हणून तो काढून होईपर्यंत बल्ब बदलताना मेन स्विच बंद करावा.